सकाळचा रक्तदाब आणि गोळीची वेळ

उच्च रक्तदाब हा बहुधा मुकाट्याने वाढणारा विकार आहे. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून रुग्ण निर्धास्त राहतो. आणि एखाद्या सकाळी पक्षाघात किंवा हृदयविकार त्याला अकस्मात गाठतो. असे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात अधिक येतात, असे आढळून आले आहे.

याचे एक कारण शरीराच्या दैनंदिन चक्रात आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब झोपेत साधारणतः १० ते २० टक्क्यांनी उतरतो. पहाटे कॉर्टिसॉलसारख्या संप्रेरकांचे प्रमाण वाढते आणि जाग येताच रक्तदाब चढतो. ही वाढ स्वाभाविक होय. मात्र घरी सकाळी केलेल्या मोजणीची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहिल्यास तो सकाळचा उच्च रक्तदाब समजला जातो. आदल्या दिवशीच्या गोळीचा परिणाम पहाटेपूर्वीच ओसरणे, गोळी चुकणे, आहारात मीठ अधिक असणे, मद्यपान, तसेच घोरताना श्वास अडणे ही त्याची काही कारणे होत.

मग गोळी रात्री घ्यावी काय? तसे केल्याने मोठा लाभ होतो, असा निष्कर्ष स्पेनमधील एका अभ्यासाने २०१९ मध्ये मांडला. परंतु त्याच्या पद्धतीविषयी तज्ज्ञांनी शंका घेतल्या. पुढे ब्रिटनमध्ये २१,१०४ रुग्णांची पाच वर्षांहून अधिक काळ पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. सकाळी व रात्री गोळी घेणाऱ्यांत झटक्यांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. कॅनडातील अभ्यासानेही २०२५ मध्ये याला दुजोरा दिला. तात्पर्य, जी वेळ चुकणार नाही तीच योग्य वेळ. पहाटे शेतावर जाणाऱ्याने रात्रीच्या जेवणानंतरची वेळ ठरविली तरी चालेल. मात्र ती डॉक्टरांना विचारून ठरवावी. लघवी वाढविणारे औषध रात्री घेतल्यास वृद्धांना वारंवार उठावे लागते व अंधारात पडण्याचा धोका असतो.

सकाळची मोजणी उठल्यापासून तासाभरात, लघवीस जाऊन आल्यावर, चहा, तंबाखू व गोळी घेण्यापूर्वी करावी. पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. आठवडाभराच्या नोंदी डॉक्टरांना दाखवाव्यात. आकडे चढे असल्यास ते औषधाची मात्रा वाढवितात किंवा ॲम्लोडिपिन, क्लोर्थॅलिडोन यांसारखे चोवीस तासांहून अधिक काळ परिणाम टिकणारे औषध देतात. स्वतःच्या मनाने दुप्पट गोळी घेणे धोक्याचे आहे. बरे वाटते म्हणून गोळी बंद करणे त्याहून कमी धोक्याचे नाही.

भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात २०१७ पासून महाराष्ट्राचा समावेश आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते व गोळ्याही मिळतात. त्या संपण्यापूर्वी पुन्हा केंद्रावर जाणे, एवढे पथ्य रुग्णाने व त्याच्या घरच्यांनी पाळावयाचे आहे.