पेटी न उघडता

कापसाच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावी गेलात, तर रुईच्या गाठी रचलेल्या दिसतील. बाहेरून साऱ्या सारख्याच. परंतु गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक असतो. ती खूण वाचली म्हणजे गाठ न फोडताही ती कोठून आली ते कळते. संगणकाच्या पेटीतील भागांनाही अशीच खूण असते.

समजा, येथील एखाद्या शाळेस कोणी जुना संगणक भेट दिला. त्यावर लिनक्स ही प्रणाली बसविली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌स ह्या फिनलंडमधील विद्यार्थ्याने तिचा आरंभ केला. ती विनामूल्य मिळते. संगणक सुरू झाला, पण तार जोडूनही इंटरनेट मिळेना. "आतले नेटवर्क कार्ड गेले, नवे घ्या," असे कोणी सांगितले. शाळेजवळ पैसे थोडे. आता काय करावे?

आधी कार्डालाच विचारावे! टर्मिनल नावाची खिडकी उघडून एल, एस, पी, सी, आय ही लहान रोमन अक्षरे सलग लिहावी आणि एंटरची कळ दाबावी. लगेच यादी उमटते. एका ओळीत चित्र दाखविणारा भाग, दुसरीत ध्वनी देणारा, तिसरीत आपले कार्ड. त्याच आज्ञेपुढे जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून एन, एन, के लिहिले, की प्रत्येक ओळीत क्रमांकांची जोडीही दिसते. उदाहरणार्थ, ८०८६:१५०२. पहिला क्रमांक कारखानदाराचा, दुसरा नमुन्याचा. ८०८६ म्हणजे इंटेल. १९७८ साली ह्या कंपनीने काढलेल्या प्रसिद्ध प्रोसेसरचे नावही ८०८६ हेच! कित्येक क्रमांकांत ए ते एफ ही अक्षरेही येतात. ती पाहून गोंधळू नये. हा क्रमांक कार्ड स्वतःच सांगते. नाव मात्र संगणकातील एका नोंदवहीतून येते. वही जुनी असली तर नाव मिळत नाही, क्रमांक मिळतोच. म्हणून वहीत टिपून घ्यायचा तो क्रमांक.

यादीत कार्ड मुळीच नसेल, तर ते सैल झाले, बंद ठेवले किंवा खरोखर बिघडले असेल. ते दिसत असून त्याखाली चालू ड्रायव्हरचे नाव नसेल, तर कार्ड बहुधा धडधाकट आहे. त्यास चालविणारा ड्रायव्हर तेवढा हवा. ड्रायव्हरही असेल, तर तार तपासावी. यूएसबीच्या खाचेत लावलेल्या वस्तू मात्र ह्या यादीत येत नाहीत. त्यांच्यासाठी एल, एस, यू, एस, बी असे लिहावे लागते.

आपल्या शाळेच्या यादीत कार्ड होते, ड्रायव्हर नव्हता. मुलांनी क्रमांक उतरून घेतला आणि इंटरनेट असलेल्या दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणला. नवे कार्ड घ्यावे लागले नाही.