चिमुकला सहप्रवासी

शाळेची सहल निघते, तेव्हा वर्गातील सगळीच मुले सहलीला येत नाहीत. कुणाला ताप आलेला असतो. कुणाचा पाय प्लॅस्टरमध्ये असतो. कुणाच्या घरी लहान भावंडांना सांभाळायला दुसरे कोणी नसते. घरीही असेच घडते. दादीजानचे गुडघे दुखतात. त्यांना पायऱ्या चढवत नाहीत. परत आल्यावर आपण या माणसांना काय सांगतो? “खूप मजा आली!” एवढेच. हे ऐकून त्यांना सहल दिसत नाही. आपण गेलो नाही, हे मात्र त्यांना पुन्हा आठवते.

मग त्यांना सहल दाखवायची कशी? एक सोपी युक्ती आहे. त्यांचे एखादे आवडते खेळणे आपल्याबरोबर न्यायचे.

तुम्हांला हसू आले ना? पण ही गोष्ट खरोखर घडली आहे. जपानमधील टोकियो शहरात २०१० साली सोनोए आझुमा या बाईंनी ‘उनागी ट्रॅव्हल’ नावाची प्रवासी कंपनी सुरू केली. या कंपनीचे प्रवासी म्हणजे माणसे नव्हती. ती होती कापडी खेळणी! लोक आपले खेळणे टपालाने पाठवत. आझुमाबाई त्या खेळण्यांना शहरातील प्रसिद्ध जागा दाखवत आणि तेथे त्यांची छायाचित्रे काढत. सहल संपली, की खेळणे आपल्या घरी परत जाई. खेळणी पाठवणाऱ्यांत आजारपणामुळे घराबाहेर पडू न शकणारी माणसेही होती. अनोळखी जागेत आपल्या ओळखीचा चेहरा दिसला, की ती जागा थोडी आपली वाटू लागते.

टोकियो फार दूर आहे. पण हे काम करायला कंपनी लागत नाही आणि टोकियोही लागत नाही. तुम्ही अंधेरीला राहा, बोरिवलीला राहा, नाही तर घाटकोपर-मुलुंडला राहा. दोन हजार वर्षांपूर्वीचा इतिहास तुमच्यापासून लोकलच्या अंतरावर आहे. घाटकोपर-मुलुंडच्या मुलांनी दादरला गाडी बदलली, की बोरिवली गाठता येते.

समजा, तुमच्या आजारी मित्राने तुमच्याजवळ एक कापडी हत्ती दिला आहे. हत्ती २० सेंटिमीटर उंच आहे. त्याचे डोळे काळ्या बटणांचे आहेत. चला, त्याला घेऊन कान्हेरीला जाऊ.

बोरिवली पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. त्याच्या मुख्य दरवाजापासून सहा-सात किलोमीटर आत, जंगलात, कान्हेरीची लेणी आहेत. लेणे म्हणजे डोंगराचा खडक कोरून केलेली खोली किंवा सभागृह. येथे अशी शंभराहून अधिक लेणी आहेत. बौद्ध भिक्षू येथे राहत, अभ्यास करत आणि प्रार्थना करत. लेणी कोरण्याचे काम सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सुरू झाले आणि अनेक शतके चालले.

तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती आहेत. प्रत्येक मूर्ती सुमारे ७ मीटर उंच आहे. “मूर्ती खूप मोठी होती,” असे सांगितले, तर मित्राला काय कळणार? हत्तीला समोर जमिनीवर ठेवा आणि हिशोब करा. ५ हत्ती एकावर एक ठेवले, तर १ मीटर उंची होईल. म्हणजे मूर्तीच्या डोक्यापर्यंत पोहोचायला ३५ हत्ती लागतील! आता मित्राला मूर्ती दिसेल, कारण तो हत्ती त्याच्या हातात अनेकदा आलेला आहे. जुन्या वस्तूंचा अभ्यास करणारे लोकही छायाचित्र काढताना वस्तूजवळ मोजपट्टी ठेवतात. तुमचा हत्ती हीच तुमची मोजपट्टी.

आत गेल्यावर खांबांच्या माथ्याकडे पाहा. तेथे दगडात हत्ती कोरलेले आहेत. आपल्या कापडी हत्तीला त्याचे भाऊबंद दाखवायला विसरू नका.

मग बाहेर या आणि लेण्यांच्या जवळ असलेली पाण्याची टाकी पाहा. ती खडकातच कोरलेली आहेत. पावसाचे पाणी त्यांच्यात यावे, म्हणून खडकात पन्हळीही कोरल्या आहेत. पावसाळा संपल्यावर भिक्षूंना पाणी कोठून मिळत असेल, या प्रश्नाचे उत्तर तेथेच सापडते.

९० क्रमांकाच्या लेण्यात तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये काही पारशी प्रवासी येथे आले होते. त्यांनी आपली नावे, वडिलांची नावे आणि तारीख भिंतीवर पहलवी लिपीत कोरून ठेवली. पहलवी भाषा ही आजच्या फारसीची पूर्वज. ‘शहर’ हा शब्द तिच्यातून फारसीत आला. तो उर्दूतही आहे आणि मराठीतही आहे. आपण येथे आलो होतो, हे जे तेथे नव्हते त्यांना कळावे, असे त्या प्रवाशांना वाटले असेल. तुम्हीही तेच करत आहात. फक्त तुम्ही भिंतीवर एक अक्षरही लिहू नका. लेणी हे संरक्षित स्मारक आहे. तुमचे लेखन वहीत असू द्या.

आणखी काही गोष्टी लक्षात ठेवा. खेळणे मूर्तीवर किंवा कोरीव कामावर ठेवू नका. खाऊ आणि खेळणे एका हातात धरू नका. तेथील माकडे खाऊबरोबर हत्तीही पळवतील! मुख्य म्हणजे हत्ती हरवू नका. तो तुमच्याकडे अमानत आहे. उर्दूतला हाच ‘अमानत’ शब्द मराठीत ‘अनामत’ झाला. विश्वासाने दिलेली वस्तू जशी घेतली तशी परत करायची, हा अर्थ दोन्ही भाषांत आहे.

पण हत्ती परत दिला, म्हणजे काम संपले का? नाही. हत्तीचे डोळे बटणांचे आहेत. त्याला काहीच दिसलेले नाही. पाहायचे होते ते तुम्हीच. हत्तीची दहा छायाचित्रे काढली आणि त्याच्या मागे काय होते ते सांगता आले नाही, तर मित्र घरीच राहिला आणि तुम्हीही गेला नाहीत, असे होईल. म्हणून तेथेच बसून चार ओळी लिहा. दगड गार होता की तापलेला? टाक्यात पाणी होते की नव्हते? किती पायऱ्या चढलात? जे पाहिले तेच सांगा. पाय दुखले असतील, तर तेही सांगा.

मित्र तुम्हांला प्रश्न विचारील. काहींची उत्तरे तुम्हांला येणार नाहीत. ते प्रश्न वहीत लिहून ठेवा. मग पुढच्या सुट्टीत हत्तीला अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीकडे न्या. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा तो काळा खडक आज इमारतींच्या गर्दीत उभा आहे. किंवा बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्याकडे न्या. तेथे खाली शिवाचे लेणे आणि वर पोर्तुगीजांनी बांधलेल्या जुन्या मठाचे अवशेष एकाच जागी दिसतात. तोपर्यंत मित्राचा पाय बरा झाला असेल, तर फारच छान. मग हत्ती त्याच्याच हातात द्या आणि वाट तुम्ही दाखवा.

स्वाध्याय

१. सहलीहून परत आल्यावर “खूप मजा आली” एवढेच सांगणे पुरेसे का नाही?
२. मूर्तीची उंची सांगण्यासाठी कापडी हत्तीचा उपयोग कसा झाला?
३. पारशी प्रवाशांनी लेण्यात काय कोरून ठेवले? आज आपण तसे का करू नये?
४. ‘हत्तीचे डोळे बटणांचे आहेत’ या वाक्यातून लेखकाला काय सांगायचे आहे?
५. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द शोधून लिहा.
६. उपक्रम : घरातील ज्या व्यक्तीला बाहेर जाता येत नाही, तिच्यासाठी तुमच्या भागातील एखादी जुनी जागा पाहून या आणि तिचे वर्णन दहा ओळींत लिहा.