बिलाच्या कोडमध्ये १८ हा आकडा किती ठिकाणी आहे?

व्हिडिओमध्ये आपण पीएचपीत दुकानाचं छोटं बिलिंग सॉफ्टवेअर बनवायला घेतलंय. आज त्यातला जीएसटीचा भाग नीट बसवू. आधी एक करा, तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये १८ सर्च मारा. बिलाच्या पानावर आहे, रिटर्नच्या पानावर आहे, महिन्याच्या रिपोर्टमध्येही आहे? मग पुढचं लक्ष देऊन वाचा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंचे दर बदलले. अंगाच्या साबणाची वडी १८ टक्क्यांवरून ५ वर आली, तूप १२ वरून ५ वर. लिक्विड हँडवॉश मात्र १८ वरच राहिलं. म्हणजे ‘साबण’ अशी एक कॅटेगरी करून तिला एक दर लावला की गडबड. प्रत्येक वस्तूला तिचा कर-गट हवा.

खरी अडचण पुढे आहे. समजा, वसईच्या होलसेलवाल्याने २० सप्टेंबरला नालासोपाऱ्याच्या दुकानदाराला १०,००० रुपयांच्या साबणवड्या दिल्या. १८ टक्के धरून बिल झालं ११,८००. २५ तारखेला अर्धा माल परत आला. क्रेडिट नोट मूळ बिलाच्या दरानेच निघते, म्हणजे ५,९०० रुपये. पण तुमचा कोड ‘आजचा दर’ उचलत असेल तर तो ५,२५० दाखवेल. ६५० रुपयांवरून गिऱ्हाईक भांडणार आणि सीए फोन करणार तो वेगळा.

यासाठी दोन क्लास पुरतात. पहिला ‘करदर’. त्याला कर-गट आणि तारीख द्यायची, तो दर सांगतो. बस, बाकी काही त्याने करायचं नाही. त्याच्यामागे डेटाबेसमध्ये तीन कॉलमचं टेबल: गट, दर, कधीपासून लागू. दिलेल्या तारखेपर्यंतच्या नोंदींपैकी सगळ्यात अलीकडची उचलायची. दर बदलला की नवी ओळ टाका, जुनीला हात लावू नका.

दुसरा क्लास ‘बिलओळ’: वस्तू, नग, किंमत आणि त्या दिवशीचा दर. हा दर कन्स्ट्रक्टरमध्येच द्या आणि प्रॉपर्टी रीडओन्ली करा, पीएचपी ८.१ पासून ही सोय आहे. एकदा ओळ बनली की कोडमध्ये चुकूनही दर बदलता येत नाही, बदलायला गेलात तर एरर येते. डेटाबेसमध्येही तो दर ओळीसोबतच सेव्ह करा. रिटर्नच्या कोडने दर बिलओळीकडून घ्यायचा, करदराकडे जायचंच नाही.

इनहेरिटन्स नवीन शिकलेली मुलं इथे पाच टक्क्यांचा एक क्लास, अठराचा दुसरा असं करत सुटतात. नका करू. दर हा नुसता आकडा आहे, त्याची जागा टेबलात. वागणूक बदलते तिथे वेगळा क्लास हवा. उदाहरणार्थ, माल पालघरला पाठवलात तर ५ टक्क्यांचे सीजीएसटी अडीच आणि एसजीएसटी अडीच असे दोन भाग होतात. तोच माल वापीच्या दुकानदाराला पाठवला तर राज्य बदललं, पूर्ण ५ टक्के आयजीएसटी. इथे ‘करविभागणी’ नावाचा इंटरफेस आणि त्याचे दोन क्लास शोभतात.

पैसे मात्र पूर्णांकात, पैशांमध्ये ठेवा. १९.९९ ला १०० ने गुणून थेट इंटिजर केलंत तर पीएचपी १९९९ नाही, १९९८ देतं! आधी राऊंड, मग इंटिजर.

आता टेस्ट. २० सप्टेंबरचं १०,००० च्या साबणवड्यांचं बिल बनवा, २५ तारखेचं रिटर्न टाका, ५,९०० आलं पाहिजे. मग त्याच मालाचं २२ तारखेचं नवं बिल काढा: १०,५००. दोन्ही जुळले की पुढच्या भागात स्टॉक जोडू.