गिअर अडला, तर आधी काय पाहाल?

माझ्या पुतण्याकडे एक जुनी पिकअप आहे. अंबडकडच्या बागांतली मोसंबी भरून तो जालन्याला नेतो. एका हंगामात भर उन्हात गाडी रस्त्यात अडली. पहिला गिअर पडेना. जोर लावला की कर्रर्र आवाज! माल बाजारात पोचला तेव्हा लिलाव उरकला होता. भाव पडून मिळाला.

मिस्त्री म्हणाला, "गिअरपेटी गेली." पेटी खोलली. आत काहीच बिघाड नव्हता. दोष क्लचच्या नळीत होता. तिथून तेल झिरपत होतं. चार दिवस गाडी उभी राहिली, शिवाय पेटी खोलण्याची मजुरी गेली ती गेलीच.

मंडळी, क्लच निराळा आणि गिअर निराळा. पट्ट्यावर चालणारी पिठाची गिरणी तुम्ही पाहिली असेल. गिरणीवाला पट्टा मोकळ्या चाकावर सरकवतो. इंजिन फिरत राहतं, जातं थांबतं. क्लच दाबला की गाडीत तेच होतं. इंजिनाची ओढ सुटते, मग गिअर बदलता येतो. ओढ पुरती सुटली नाही, तर पेटीतली दातेरी चाकं फिरतच राहतात. मग गिअर पडेल कसा?

ही पारख घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. मग इंजिन चालू करून पाहा. बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर घ्या. काही गाड्यांत क्लच तारेवर चालतो. तार ढिली झाली का, ते पाहा. काहींत तेलावर चालतो. त्याच्या डबीतलं तेल कमी झालं का, ते पाहा. या डबीत बहुतेक गाड्यांत ब्रेकचं तेल असतं. इंजिनाचं तेल ओतू नका, आतलं रबर फुगतं.

इंजिन बंद असतानाही गिअर जड जातो? मग दांड्याखालचे सांधे पाहा. ते ठीक असतील, तर दोष पेटीत असू शकतो. एकाच गिअरला कर्रर्र होत असेल, तर बहुधा त्या गिअरची आतली पितळी कडी झिजलेली असते. तेव्हा पेटी खोलायला हरकत नाही.

चढावर इंजिन ओरडतं, गाडी मात्र ओढत नाही, जळका वास येतो. ही क्लचप्लेट घसरल्याची खूण. ती वेळेवर बदला, नाहीतर भरलेली गाडी चढावर मागे येईल. गिअर आपोआप सुटून येत असेल, तर उतारावर फार जपा. आणि तेल वाचवायला म्हणून उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची काहींना खोड असते. ती वाईटच!

शहरात आता बिनक्लचच्या मोटारीही दिसतात. अमेरिकेत १९४० च्या ओल्डस्मोबिल मोटारीत आपोआप गिअर बदलणारी पेटी आली. तिथे जुन्या पिकअपमध्येही अशी पेटी असते. तिच्यात सगळा खेळ तेलाचा. गिअर उशिरा पडला किंवा झटका बसला, तर आधी तेल पाहतात. तेल काळं झालं, जळका वास आला, की आतल्या चकत्या जळू लागल्या असं समजतात.

पुतण्या आता गाडीत वही ठेवतो. कोणत्या गिअरला आवाज आला, गाडी थंड होती की तापलेली, रिकामी की भरलेली, हे लिहितो आणि मिस्त्रीला वही दाखवतो. 'गिअर' हा शब्द त्याने दोन तऱ्हांनी लिहिला आहे. मिस्त्रीला कळतं, तेवढं पुरे.