पिल्लाची पावती जपून ठेव, पोरी

काल तुझा फोन आला तेव्हा मी गोठ्यात होतो, म्हणून धड बोललो नाही. पिल्लू आणल्यापासून चौथ्या दिवशी गेलं, तू त्या ब्रीडरबद्दल चार ठिकाणी लिहिलंस, आणि आता त्याच्या वकिलाची नोटीस आलीय: पंधरा दिवसांत माफी मागा, नाहीतर पन्नास लाखांचा अब्रूनुकसानीचा दावा. रडू नकोस. तुझा मामा पशुधन पर्यवेक्षक म्हणून कासुर्डी, यवत, खामगाव अशी गावं सायकलीवर पालथी घालून म्हातारा झाला. मधली तीन वर्षं तो स्वतःच्या जिभेपायी दौंडच्या कोर्टाबाहेर भेळ खात बसला होता. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, पण दुसऱ्याने बखोटीला धरून चढवलं तर काय करायचं, हे म्हण सांगत नाही. ते मी सांगतो.

१. नोटीस म्हणजे निकाल नव्हे – ते अशिलाच्या पैशाने वकिलाने लिहिलेलं पत्र आहे, कोर्टाने अजून त्यावर एक अक्षर उमटवलेलं नाही. नोटिशीला दात कागदाचे, भुंकणं मात्र कर्ण्यावरचं.

२. तरी ती चुलीत घालू नकोस. पाकीट, पोस्टाचा शिक्का, आतली पानं, सगळं एका फायलीत ठेव – माझी नोटीस शेळीने खाल्ली होती, आणि हे खरं कारण वकिलाला सांगताना मला जितकी लाज वाटली तितकी पुढे आरोपीच्या पिंजऱ्यातही वाटली नाही.

३. त्याला उलट फोन करू नकोस, जावईबापूंनाही करू देऊ नकोस – रागाचा फोन आपण दोन मिनिटं करतो, समोरचा तो दोन वर्षं वाजवतो.

४. लिहिलेलं घाईने पुसूही नकोस. आधी तारीख-वेळेसकट त्याचे फोटो काढ, वकिलाला दाखव, मग काय ते ठरव – नाहीतर त्याच्याकडे नक्कल राहील आणि तुझ्याकडे नुसती आठवण.

५. पन्नास लाख वाचून जेवण सोडू नकोस – दिवाणी दाव्यात जितके मागायचे त्या हिशोबाने कोर्ट फी आधी स्वतः भरावी लागते, म्हणून असे पुष्कळ आकडे नोटिशीतच म्हातारे होतात.

६. असला दावा पुष्कळदा जिंकण्यासाठी नसतो, दमवण्यासाठी असतो, एवढं ओळख – मग तारीख पडली म्हणून आपण हरलो असं वाटत नाही. डेन्व्हर विद्यापीठातल्या प्रिंग आणि कनान या दोन प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात त्याला ‘स्लॅप’ हे नाव दिलं. ती एका इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत, पण आपल्या कानाला थप्पड ऐकू येते तीही बरोबरच.

टेक्सासात एका जोडप्याने, आपण गावाला गेल्यावर घरचे प्राणी सांभाळणाऱ्या कंपनीबद्दल वाईट अभिप्राय लिहिला. माशाला खायला जास्त घातलं, ही त्यातली एक तक्रार. कंपनीने दहा लाख डॉलरपर्यंतचा दावा लावला. तिथे असले दावे सुरुवातीलाच निकाली काढायचा कायदा आहे, म्हणून २०१६ मध्ये तो फेटाळला गेला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. खोटा आणि त्रास देण्यासाठी केलेला दावा ठरला, तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ खाली भरपाई जास्तीत जास्त ३ हजार रुपये! तेवढ्यात पिल्लाचं महिन्याचं खाद्यसुद्धा येत नाही. म्हणून आपली खबरदारी आपणच घ्यायची.

७. पाहिलं ते सांग, ताडलं ते सांगू नकोस – ‘१२ तारखेला पिल्लू घेतलं, १४ ला उलट्या, १६ ला गेलं, डॉक्टरांनी पार्वोचा आजार लिहिला’ हे तुझ्या फायलीत आहे. ‘तो मुद्दाम आजारी पिल्लं विकतो’ हे त्याच्या मनात आहे, आणि तिथली झडती तुला घेता येत नाही.

८. विशेषणांना दावं बांध – माझ्या डोळ्यांदेखत एकाच माणसाकडची सात पिल्लं दगावली होती, ते खरंच होतं. पण भर बाजारात मी त्याला ‘लुटारू’ म्हणालो, आणि तीन वर्षं सात पिल्लांचं कुणी विचारलंच नाही, सगळे त्या एका शब्दाभोवती फिरत राहिले.

९. घरगुती प्रयोगावर मोठं विधान उभं करू नकोस – पॅराशूट खोबरेल तेलाबद्दल एका यूट्यूबवाल्याने व्हिडिओ केला, कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. जानेवारी २०२० मध्ये एकल न्यायाधीशांनी तो काढायला सांगितला, पुढे खंडपीठाने फेरफार करून ठेवू दिला. म्हणजे टीका चालते, पण ‘मला वाटतं’ आणि ‘सिद्ध झालं’ यांच्यात बांध घालून बोलावं लागतं.

१०. दुसऱ्याने हातात ठेवलेल्या कागदावर भिस्त ठेवू नकोस, मग देणारा कितीही सज्जन असो – टिळक आणि आगरकरही यातच सापडले. कोल्हापूरच्या दिवाण बर्व्यांविरुद्ध ‘केसरी’ आणि ‘मराठा’त जे छापलं, त्याला आधार असलेली पत्रं बनावट निघाली. १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली, १०१ दिवसांनी डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. तुझ्या मैत्रिणीने पाठवलेला ‘त्याच्या केनेलचा आतला फोटो’ कुणी, कुठे, कधी काढला ते आधी विचार.

११. ज्यांनी पाहिलंय त्यांच्याकडून लवकर लिहून घे – वेळ गेली की शेजाऱ्याची आठवण पातळ होते, आणि कुणी दम दिला तर गोठते.

इथे जरा थांबतो, कारण मला हा खटला फार आवडतो. करसनदास मुळजी नावाच्या मुंबईच्या संपादकाने १८६० मध्ये ‘सत्यप्रकाश’ या आपल्या गुजराती पत्रात वैष्णव महाराजांच्या दुराचारावर लिहिलं. जदुनाथजी महाराजांनी ५० हजार रुपयांचा दावा लावला. त्या काळचे ५० हजार, बरं का. महाराजांना मानणाऱ्या मंडळींनी कुणी साक्षच देऊ नये म्हणून कट केला, त्यावरून वेगळा खटला होऊन त्यांना दंड झाला. आणि तरी आपले डॉक्टर भाऊ दाजी लाड कोर्टात उभे राहिले आणि वैद्य म्हणून जे पाहिलं होतं ते सांगितलं. २२ एप्रिल १८६२ ला करसनदास सुटले. त्यांच्या लेखणीला धार होतीच, पण कोर्टात उपयोगी पडली ती डॉक्टरची साक्ष. म्हणून तुझ्या पशुवैद्याशी आत्ताच गोड बोल आणि केसपेपरची सही-शिक्क्याची नक्कल घे.

१२. ‘पोलिसात देतो’ याला बिचकू नकोस – बदनामीचा गुन्हा, भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६, म्हणजे जुनं ४९९ आणि ५००, अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. त्याला मॅजिस्ट्रेटपुढे तक्रार करावी लागते, आणि नव्या कायद्यात दखल घेण्याआधी तुझं म्हणणं ऐकावं लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंतची साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी आहे, म्हणून थट्टेवारीही नेऊ नकोस.

१३. खरं तर बोलच, पण ते कुणाच्या भल्यासाठी बोलतेस तेही लक्षात ठेव – दिवाणी दाव्यात सत्य पुरतं, फौजदारीत सत्याबरोबर लोकहितही दाखवावं लागतं.

१४. चार ठिकाणी लिहिण्याआधी एका ठिकाणी तक्रार कर – ज्याला तक्रार ऐकायचा अधिकार आहे त्याच्याकडे सद्हेतूने केलेली तक्रार बदनामी होत नाही, हा त्याच कलमाचा आठवा अपवाद. राज्य प्राणी कल्याण मंडळ आहे. पुण्याचा जिल्हा ग्राहक आयोगही आहे. तिथे ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची.

१५. कुणी विचारलं तर त्या विचारणारीला सांग, साऱ्या आळीला नको – समोरच्याच्या भल्यासाठी सद्हेतूने दिलेला इशारा हा दहावा अपवाद. पण कानात दिलेला इशारा आणि पारावर दिलेली दवंडी कोर्ट एकाच मापाने मोजत नाही.

१६. तुमच्या सोसायटीच्या श्वानप्रेमी ग्रुपची तू ॲडमिन आहेस म्हणून झोप उडवू नकोस – सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी नुसत्या ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय. मात्र स्वतः पुढे ढकललेलं आपलंच होतं. ढकलगाडीलाही चालक असतो.

१७. वकिलाला कॅव्हेटचं विचार, याच आठवड्यात – तुला न ऐकता एकतर्फी मनाई हुकूम होऊ नये म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ खाली आधीच अर्ज देता येतो; तो ९० दिवस चालतो, पुढे परत द्यायचा.

१८. मनाई झालीच तर तोंड शिवून बसू नकोस, तिला आव्हान दे. तोवर मात्र ती पाळ – २२ मार्च २०२४ ला ब्लूमबर्ग आणि झीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लेख काढायला लावणारा असाच एकतर्फी हुकूम रद्द केला आणि खालच्या कोर्टांना बजावलं, की खटला चालायच्या आधीच बोलणं बंद करणं हा अपवाद असावा.

१९. समन्स आलं की घे, बेलिफाला पाणी दे – दाराआड लपलं तर दावा थांबत नाही, फक्त तुझ्याशिवाय चालतो. कैफियत तीस दिवसांत द्यायची असते. ‘बघू पुढच्या तारखेला’ असं म्हणणारा मी होतो.

२०. पैसे नाहीत म्हणून वकिलावाचून उभी राहू नकोस – बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज कर.

२१. वर्ष मोज – अब्रूनुकसानीचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एका वर्षात लावावा लागतो, फौजदारी तक्रारीला तीन वर्षं. कॅलेंडरवर लाल खूण कर, भविष्य बघायची गरज नाही.

२२. तडजोड करायला हरकत नाही, पण कागद दोनदा वाच – ‘माझ्या शब्दांमुळे मन दुखावलं असल्यास दिलगीर आहे’ आणि ‘मी खोटं बोलले’ यांत कोसाचं अंतर आहे. मी चष्मा न लावता दुसऱ्यावर सही केली. तो माफीनामा अजून कपाटात आहे, तुझी मामी भांडणात काढते.

२३. पैसे परत घेताना ‘यापुढे कुणाला काही सांगणार नाही’ ही ओळ हळूच घातलेली असते, ती शोध – तुझं तोंड बंद झालं की पुढचं पिल्लू कुणाच्या तरी घरी जायला मोकळं होतं.

आता पुढच्या वेळेसाठी थोडं, कारण तू पुन्हा कुत्रं आणणारच, मला माहीत आहे.

२४. आधी आई बघ, मग पिल्लू – २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांत कुत्री १८ महिन्यांची झाल्याशिवाय फळवायची नाही आणि जन्मात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत. आचळं लोंबलेली, डोळे विझलेली आई दिसली तर पाणीसुद्धा न पिता परत ये.

२५. नोंदणीचा कागद माग, आणि तो बघताना तिथलाच फोटो काढ – त्याच नियमांनी ब्रीडरला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. केनेल क्लबचे कागद म्हणजे वंशावळ, परवाना नव्हे. पुष्कळजण एक दाखवून दुसऱ्याचं काम भागवतात.

२६. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. त्याआधीचं पिल्लू विकणं नियमात नाही – ‘महिन्याचं न्या, लळा लागतो’ म्हणतात. लळा तुला लागतो, आईचं दूध त्याचं तुटतं.

२७. रोख देऊ नकोस – गुगल पेवरची ओळ कोर्टात तुझ्याइतकी लाजत नाही. पावतीवर तारीख, जात, रंग, चिपचा नंबर हवा. पावतीवाचून पिल्लू आणि पुराव्यावाचून बोलणं, दोन्ही फिरून आपल्यालाच चावतात.

२८. पिल्लू गेलंच तर रडत रडत का होईना, शवविच्छेदन करून घे – पार्वो अंगात शिरल्यापासून दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात, कधी चौदा. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी उलट्या म्हणजे आजार बहुधा तिकडूनच आला, पण हे तू नाही, डॉक्टरच्या कागदाने म्हणायचं.

२९. ज्या फोनवर त्याचे निरोप आले तो जुना झाला म्हणून विकू नकोस – नुसत्या छापील कागदावर भागत नाही, साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि ते द्यायला मूळ यंत्र हाताशी असलेलं बरं.

३०. आपलं चुकलं असेल तर पहिल्यांदा आपणच दुरुस्त कर – लस पुरी व्हायच्या आत पिल्लू रस्त्यावर फिरवलं असशील तर तेही त्या फायलीत लिही. सगळेच ब्रीडर वाईट नसतात. आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या कारवानी कुत्री नीट सांभाळणारी माणसं मी पाहिलीत, पाच कोस चालून औषध न्यायला येणारी.

दिवाळीला ये तेव्हा फाईल घेऊन ये, गुऱ्हाळाशेजारी बसून लावू. आणि नवं पिल्लू विकत घेऊ नकोस. उसात बिबट्या आल्यापासून रात्री आमच्या वस्तीवर जागणारी ती काळी कुत्री मागच्या सोमवारी व्याली, चार आहेत. जातीचा पत्ता नाही, पण जेजुरीच्या देवाच्या पायाशी जे बसतं तेही कागद घेऊन आलेलं नाही. एक तुझं. ५६ दिवस पुरे होईपर्यंत मागायचं नाही, मी भिंतीवर रेघा ओढतोय. पावती देईन, सव्वा रुपयाची, सही-शिक्क्यासकट.