दुसरीत नुसत्या काड्याच मोजतात का?

प्रश्न : मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. आम्ही दोघं कंपनीत, शिफ्टमध्ये. तिची गणिताची वही बहुतेक कोरीच. विचारलं तर म्हणते, 'आज काड्यांचे गठ्ठे बांधले.' एकवीसला 'वीस एक'ही म्हणते. अभ्यास होतोय ना? – एक पालक, महाळुंगे

उत्तर : होतोय, आणि तोच खरा अभ्यास आहे. बत्तीसातून पंधरा वजा करायचे आहेत. तिच्यापुढे दहा-दहाचे तीन गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या. दोनातून पाच जात नाहीत, म्हणून ती एका गठ्ठ्याचं रबर काढते. आता सुट्या झाल्या बारा. पाच गेल्या, सात उरल्या. उरलेल्या दोन गठ्ठ्यांतला एक गेला. उत्तर सतरा! हातचा म्हणजे नेमकं काय, हे तिला डोळ्यांनी दिसलं. आपल्यापैकी अनेकांनी तो नुसता पाठ केला होता.

'वीस एक'ही चूक नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'सोबत ही पद्धतही दिली. ऐकताच दशक-एकक कळतात. तुमच्या चाकण पट्ट्यातल्या वर्गांत घरी हिंदी बोलणारी मुलंही असतात, त्यांना तर ती फारच सोपी जाते.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं, साधे हिशेब यावेत, हे २०२१ च्या 'निपुण भारत'चं उद्दिष्ट आहे. त्यामुळे अजून वेळ आहे. घरी आल्यावर वही मागू नका. 'गठ्ठा कसा सोडलास, दाखव' म्हणा. दिवाळीनंतरही ती अडत असेल, तर मात्र सुट्टी काढून वर्गशिक्षकांना भेटाच.