आग, धूर आणि एक गाणं

मित्रहो, 'घटनेतून रचना कशी होते' या विषयावर आपल्या मंडळाच्या मागच्या बैठकीत प्रत्येकाने एक उदाहरण आणायचं ठरलं होतं. बहुतेकांनी कविता आणल्या. मी 'स्मोक ऑन द वॉटर' हे रॉक गाणं आणलं, तेव्हा थोडं हसू झालं. गिटार शिकणारी मुलं सुरुवातीलाच जी धून वाजवून घरच्यांचे कान किटवतात, तेच हे गाणं. पण त्याच्या जन्माची गोष्ट आपल्यासारख्या लिहिणाऱ्यांच्या कामाची आहे, म्हणून ती इथे सविस्तर मांडतो.

डिसेंबर 1971. डीप पर्पल हा इंग्लिश बँड स्वित्झर्लंडमधल्या मॉन्ट्रो गावी आला होता. तिथल्या कॅसिनोच्या सभागृहात नवा अल्बम ध्वनिमुद्रित करायचा बेत होता. त्यासाठी रोलिंग स्टोन्स या बँडचा फिरता स्टुडिओ, म्हणजे यंत्रं बसवलेला एक ट्रक, भाड्याने आणला होता. काम सुरू होण्याआधी, 4 डिसेंबरला, त्याच सभागृहात फ्रँक झापाचा कार्यक्रम होता. कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन, म्हणजे इशाऱ्याचा जाळ सोडणारं पिस्तूल, झाडलं. छत पेटलं. लोक बाहेर पडले. मॉन्ट्रो जाझ महोत्सवाचे क्लोद नोब्स यांनी आत धावून मुलांना बाहेर काढलं. माणसं वाचली, पण कॅसिनो जळून गेला.

बँडची मंडळी हॉटेलातून ती आग पाहत होती. समोर जिनिव्हाचं सरोवर, आणि त्याच्या पाण्यावर पसरत चाललेला धूर.

आता जागाच गेली. नोब्स यांनी पॅव्हिलियन नावाचं एक नाट्यगृह मिळवून दिलं. तिथे गिटारवादक रिची ब्लॅकमोरच्या एका धूनवर बँडने रात्री काम केलं. आवाजाने शेजारीपाजारी वैतागले आणि पोलीस आले. बँडच्या मदतनीसांनी दारं आतून दाबून धरली आणि तेवढ्यात वादन पूर्ण झालं! पण ती जागाही सोडावी लागली. शेवटी हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात, आवाज अडवायला गाद्या लावून, बाकीचा अल्बम झाला.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. पॅव्हिलियनमध्ये वाजवलेल्या त्या धूनला अजून शब्दच नव्हते. आगीनंतर काही दिवसांनी बेस वाजवणारा रॉजर ग्लोव्हर झोपेतून जागा झाला, तेव्हा त्याच्या तोंडात 'पाण्यावरचा धूर' हे शब्द होते. मग गायक इयन गिलन आणि त्याने मिळून गाणं लिहिलं. त्यात काय आहे? आम्ही मॉन्ट्रोला का आलो, कुणाचा कार्यक्रम होता, आग कशी लागली, नोब्स कसे धावले, मग आम्ही कुठे गेलो. बस्स, एवढंच. अग्नी म्हणजे काळ, धूर म्हणजे जीवन, असलं काही नाही. माणसांची आणि जागेची नावं सरळ येतात. प्रतिमा म्हणावी अशी एकच, आणि तीही डोळ्यांनी पाहिलेली.

'मशीन हेड' हा अल्बम मार्च 1972 मध्ये आला. हे गाणं गाजेल असं बँडला वाटलंच नव्हतं; आधी एकेरी तबकडी काढली ती दुसऱ्याच गाण्याची. 1973 मध्ये अमेरिकेत याची तबकडी निघाली आणि ती बिलबोर्डच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली.

आता हे उदाहरण मी का निवडलं, ते सांगतो. ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला पूर आला, तेव्हा चिकोडी तालुक्यातलं माझ्या आज्जीचं घर पडलं. त्यावर मी एक कविता लिहिली होती. नदीला माता म्हटलं, काळ म्हटलं, आज्जीच्या डोळ्यांतलं पाणी नदीत मिसळवलं. स्पर्धेत उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. मोठ्या हौसेने आज्जीला वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "चांगलं लिवलायस बाळा. पर ह्यात आपली म्हस कुठं हाय?"

पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा आज्जी कमरेएवढ्या पाण्यातून गोठ्यात गेली होती आणि म्हशीचं दावं विळ्याने कापून आली होती. ट्रंक राहिली, आजोबांचा फोटो राहिला. हे मला माहीत होतं. तरी कवितेत आणलं नाही, कारण मला ते 'काव्यमय' वाटलं नाही. मॉन्ट्रोची गोष्ट वाचताना तिचा तो प्रश्न पुन्हा आठवला आणि मान खाली गेली.

सगळं लेखन असंच सरळ असावं, असं माझं म्हणणं नाही. नुसती हकिकत म्हणजे गाणं नव्हे. त्या धूनशिवाय हे शब्द बातमीच राहिले असते. पण घडलेलं नीट सांगण्याआधीच आपण अलंकार चढवायला बसतो, तिथे काहीतरी हातातून निसटतं. ज्यांच्यावर ते घडलं, त्यांना त्यात आपली म्हैस सापडत नाही.

पुढच्या बैठकीसाठी एक स्वाध्याय सुचवतो. स्वतः पाहिलेली एक घटना दहा ओळींत लिहा. जागेचं नाव, माणसांची नावं, कोण काय करत होतं, एवढंच. उपमा एकच, आणि तीही तिथे दिसलेलीच असली पाहिजे. मग ते लिखाण त्या घटनेत असलेल्या एखाद्या माणसाला वाचून दाखवा आणि तो काय म्हणतो ते टिपून आणा.

माझं लिहायला घेतलंय. पहिल्या ओळीत विळा आहे. या रविवारी आज्जीकडे जाणार आहे.